पोलीस किंवा कारागृह सेवेसाठी गुन्हेगारीशास्त्र : सीमाभागातल्या विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी, तिकडे कारवार-हल्याळ आणि बिदरकडचे भालकी, बसवकल्याण, औराद. मराठी शाळेत शिकून वर्दीचं स्वप्न बघणाऱ्या मुलामुलींची आणि त्यांच्या पालकांची गाडी जिथे अडते, ते प्रश्न इथे घेतले आहेत.

गुन्हेगारीशास्त्रात नेमकं शिकवतात काय?

गुन्हा का घडतो, कोण करतो, कुणावर होतो आणि त्यावर समाज व सरकार काय करतं, याचा हा अभ्यास आहे. अभ्यासक्रमात साधारण पाच धागे असतात. गुन्ह्याची कारणं सांगणारे सिद्धांत, दंडशास्त्र म्हणजे शिक्षा आणि कारागृहव्यवस्था, पीडितशास्त्र, पोलीस प्रशासन व तपास आणि फौजदारी कायदा. यांना बालगुन्हेगारी, सायबर गुन्हे, संशोधनपद्धती व थोडं संख्याशास्त्र जोडलेलं असतं. संख्याशास्त्राला बरेच जण घाबरतात. घाबरून तो भाग सोडू नका. ठाण्याच्या हद्दीत मोटरसायकल चोऱ्या कोणत्या वारी, कोणत्या वेळी, कोणत्या गल्लीत होतात हे नोंदींवरून काढता येणारा अधिकारी गस्त योग्य जागी लावतो.

या विषयाची पदवी असली की भरतीत प्राधान्य मिळतं का?

भरतीसाठी या विषयाची अट नाही. कर्नाटकात पीएसआय म्हणजे पोलीस उपनिरीक्षक पदासाठी कोणतीही मान्यताप्राप्त पदवी चालते. सिव्हिल कॉन्स्टेबलसाठी पीयूसी म्हणजे बारावी लागते, जिल्हा सशस्त्र दल आणि केएसआरपी म्हणजे राज्य राखीव पोलीस दलासाठी एसएसएलसी, म्हणजे दहावी. यूपीएससीच्या ऐच्छिक विषयांच्या यादीतही गुन्हेगारीशास्त्र नाही. आयपीएसचा विचार असेल तर जवळचा विषय म्हणून समाजशास्त्र, मानसशास्त्र किंवा कायदा घेता येतो. त्यातल्या त्यात समाजशास्त्राशी या विषयाचा बराच भाग जुळतो.

‘क्रिमिनॉलॉजी केलं की पोलिसात थेट घेतात’ असं सांगून प्रवेश देणारी संस्था दिसली, तर तिथे फी भरू नये.

मग शिकायचं कशासाठी?

भरती होते ती मैदान, कन्नड, सामान्यज्ञान आणि कागदपत्रं या चार गोष्टींवर. गुन्हेगारीशास्त्र कामी येतं ते नोकरी लागल्यानंतरची तीस-पस्तीस वर्षं. शिपायाला पहिल्या वर्षापासून जबाब, पंचनामा, अटक, कोठडी यांना तोंड द्यावं लागतं. प्रशिक्षणात हे सगळं शिकवतात, पण घाईघाईत. आधी समजून घेतलेल्याला तिथे पाठांतर करावं लागत नाही.

दुसरं, कारागृह, परिवीक्षा (कैदेऐवजी देखरेखीखाली सोडलेल्यांचं काम), बालसंरक्षण, पीडित साहाय्य या वर्दीबाहेरच्या किंवा अर्ध्या वर्दीतल्या कामांत या शिक्षणाला थेट किंमत आहे. वयोमर्यादा ओलांडल्यावर पोलीस भरतीचं दार बंद होतं. त्या दिवशी हातात दुसरं काहीतरी असावं, असं आम्ही प्रत्येक विद्यार्थ्याला आग्रहाने सांगतो.

इथे जवळपास शिकण्याची सोय कुठे आहे?

बेळगावच्या राणी चन्नम्मा विद्यापीठात गुन्हेगारीशास्त्र व फौजदारी न्याय विभाग आहे. विद्यापीठ महामार्गावर भूतरामनहट्टीला आहे, त्यामुळे शहरातून रोज जाऊन-येऊन शिकता येतं. धारवाडला कर्नाटक विद्यापीठात गुन्हेगारीशास्त्र व न्यायवैद्यकशास्त्र विभाग आहे. शिवाय धारवाडमध्येच राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठाचा परिसर सुरू झाला आहे. कायद्याच्या बाजूने यायचं असेल तर बेळगावचं राजा लखमगौडा विधी महाविद्यालय हे जुनं नाव. ते हुबळीच्या राज्य विधी विद्यापीठाशी संलग्न आहे.

बाहेर जायची तयारी असेल तर मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतला गुन्हेगारीशास्त्र व न्याय हा समाजकार्याचा अभ्यासक्रम कारागृहाच्या वाटेने जाणाऱ्यांसाठी फार चांगला. तिच्या ‘प्रयास’ या क्षेत्रकार्य प्रकल्पाने १९९० पासून तुरुंगातल्या बंद्यांसोबत काम केलं आहे. नोकरी करत शिकणाऱ्यांना इग्नूची फौजदारी न्यायाची पदव्युत्तर पदविका दूरस्थ पद्धतीने करता येते.

कर्नाटकात २०२४-२५ पासून पदवी पुन्हा तीन वर्षांची झाली आहे. प्रवेश घेताना महाविद्यालयाला दोन गोष्टी स्पष्ट विचारा. गुन्हेगारीशास्त्र हा तिन्ही वर्षं चालणारा मुख्य विषय आहे की एखाद्या सत्राचा निवडीचा? आणि तो शिकवायला कायम प्राध्यापक आहेत का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळेना, तर समाजशास्त्र घेऊन पदवी करा आणि गुन्हेगारीशास्त्र पदव्युत्तर पातळीवर घ्या.

फॉरेन्सिक सायन्स आणि गुन्हेगारीशास्त्र एकच का?

नाही. फॉरेन्सिक हे प्रयोगशाळेचं शास्त्र आहे: रक्त, विष, ठसे, गोळ्या, मोबाईलमधला डेटा. त्यासाठी पीयूसीला सायन्स हवं. गुन्हेगारीशास्त्र कला शाखेतूनही करता येतं. बेळगावात राज्याची विभागीय न्यायवैद्यक प्रयोगशाळा आहे. तिथल्या नोकऱ्यांचं स्वप्न बघणाऱ्याने दहावीनंतरच सायन्सकडे वळावं, कारण बीए झाल्यावर परत फिरायला रस्ता उरत नाही.

माझं दहावीपर्यंतचं शिक्षण मराठीतून झालं आहे. कन्नड किती लागेल?

शिपाई व्हायचं तर वाचता-बोलता येईल इतकं, पीएसआय व्हायचं तर लिहिता येईल इतकं. या फरकाकडे दुर्लक्ष केल्यामुळे आपली हुशार मुलं मागे राहतात.

पीएसआयचा पहिला पेपर ५० गुणांचा, हाताने लिहायचा असतो. २० गुणांचा निबंध, १० गुणांचा सारांश आणि २० गुणांचं भाषांतर, कन्नडमधून इंग्रजीत व इंग्रजीतून कन्नडमध्ये. निबंध इंग्रजीत लिहिता येतो म्हणून निभेल असं वाटतं आणि भाषांतरात दांडी उडते.

मराठी मुलांच्या ठरावीक चुका आहेत. कन्नडमध्ये ए आणि ओ यांची ऱ्हस्व-दीर्घ अशी दोन-दोन रूपं आहेत. मराठीत हा भेद नसल्याने कान तो पकडत नाही. ‘कोडु’ शब्दात ओ ऱ्हस्व लिहिला तर अर्थ ‘दे’, दीर्घ लिहिला तर ‘शिंग’. दुसरी चूक लिंगाची. मराठीत खुर्ची स्त्रीलिंगी, टेबल नपुंसकलिंगी. कन्नडमध्ये निर्जीव वस्तू सगळ्या नपुंसकलिंगी, आणि क्रियापदाचा शेवट त्याप्रमाणे बदलतो. तिसरी चूक ओत्ताक्षरांची, म्हणजे खाली जोडून लिहायच्या अक्षरांची. ती फक्त हाताने लिहूनच सुटते.

उपाय सोपा आहे, पण रोज करावा लागतो. कन्नड वर्तमानपत्रातली गुन्ह्याची एक बातमी निवडा. दहा-पंधरा ओळी हाताने उतरवून काढा, खाली तिचं इंग्रजी भाषांतर करा. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्र न बघता त्या इंग्रजीवरून परत कन्नड लिहा आणि मूळ बातमीशी ताडून बघा. सहा महिने हे नेमाने केलं तर पेपर हाताबाहेर जात नाही. ठाण्यातले शब्द याच बातम्यांतून येतात: तक्रारीला दूरु, तपासाला तनिखे, पंचनाम्याला महजर, एफआयआरला प्रथम वर्तमान वरदि, चार्जशीटला दोषारोपण पट्टी. नोकरीच्या पहिल्या दिवसापासून हे शब्द तोंडी लागतात.

मराठी येण्याचा काही फायदा?

मोठा फायदा आहे. या पट्ट्यात फिर्यादी मराठी बोलतो, जबाब कन्नडमध्ये लिहिला जातो. पोलिसांनी तपासात घेतलेल्या जबाबावर साक्षीदाराची सही घ्यायची नसते, तशी कायद्यातच मनाई आहे. त्यामुळे लिहिणाऱ्याने अर्थ चुकवला तर तो कोर्टात उलटतपासणीच्या वेळीच उघडा पडतो. ‘त्यानं मला ढकललं’ आणि ‘त्याचा मला धक्का लागला’ यात हेतूचा फरक आहे आणि त्यावर कलम बदलतं. दोन्ही भाषा नीट येणारा शिपाई हा फरक जागेवरच जपतो.

निपाणी-कागल, चोर्ला घाट, खानापूर-गोवा या रस्त्यांवरून गुन्हेगार तासाभरात राज्य बदलतो. कोल्हापूरच्या ठाण्याशी बोलणं, तिकडच्या न्यायालयातून ट्रान्झिट रिमांड म्हणजे आरोपीला आपल्या राज्यात न्यायची परवानगी घेणं, अटकेपासून प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत आरोपीला दंडाधिकाऱ्यापुढे उभं करणं, या सगळ्यात मराठी कामाला येते.

लेखी परीक्षेचं स्वरूप कसं असतं?

आजवरच्या भरतीत सिव्हिल कॉन्स्टेबलचा पेपर १०० प्रश्न, १०० गुण, ९० मिनिटं आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा असा राहिला आहे. पीएसआयचा दुसरा पेपर १०० प्रश्नांचा, १५० गुणांचा असतो. प्रत्येक प्रश्नाला दीड गुण, चुकीला ०.३७५ वजा. चारपैकी दोन पर्याय नक्की बाद करता आले, तर उरलेल्या दोनांतून एक निवडणं फायद्याचं ठरतं. एकही पर्याय बाद करता येत नसेल तर प्रश्न सोडून द्या.

मैदानी चाचणीत मुलं कुठे मार खातात?

कर्नाटक कॉन्स्टेबल भरतीचे पुरुषांचे निकष असे राहिले आहेत: १६०० मीटर ६ मिनिटं ३० सेकंदांत, लांब उडी ३.८० मीटर किंवा उंच उडी १.२० मीटर, आणि ७.२६ किलोचा गोळा ५.६० मीटर. पीएसआयला धावण्यासाठी ७ मिनिटं. महिलांना ४०० मीटर २ मिनिटांत, लांब उडी २.५० मीटर किंवा उंच उडी ०.९० मीटर, आणि ४ किलोचा गोळा ३.७५ मीटर. हे सगळं फक्त पार करायचं असतं, गुणवत्ता यादी लेखीवर लागते. म्हणून ५ मिनिटांत धावण्याच्या नादात पाय दुखावून घेण्यात अर्थ नाही.

१६०० मीटर म्हणजे ४०० मीटरच्या ट्रॅकवर चार फेऱ्या. साडेसहा मिनिटांत संपवायच्या तर एका फेरीला साडेसत्याण्णव सेकंद मिळतात. बहुतेक मुलं गर्दीच्या भरात पहिली फेरी ७५-८० सेकंदांत मारतात आणि तिसऱ्या फेरीत पाय जड होतात. सरावात प्रत्येक फेरी ९२ ते ९५ सेकंदांत मारायची सवय लावा, घड्याळ हातात ठेवून. गावाकडे डांबरी रस्त्यावर धावून नडगी दुखायला लागते. मातीवर, शेताच्या बांधाकडेच्या वाटेवर किंवा मैदानावर धावा. आपल्याकडे जून ते सप्टेंबर पाऊस मैदान घेऊन टाकतो. त्या काळात दोरीवरच्या उड्या, जिने चढणं आणि उठाबशांवर दम टिकवून ठेवा, म्हणजे ऑक्टोबरात पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

गोळा ताकदीने कमी आणि फाऊलने जास्त जातो. गोळा मानेला चिकटलेला हवा, चेंडूसारखा मागून फेकला की बाद. आणि फेकल्यावर तोल जाऊन पाय वर्तुळाच्या पुढे पडला, तरी बाद. फेकल्यानंतर दोन सेकंद जागीच थांबायचं, मग मागच्या बाजूने बाहेर पडायचं, हा सराव वेगळा करावा लागतो. सराव खऱ्या वजनाच्या गोळ्यानेच करा.

उंची अगदी काठावर आहे. काही करता येईल का?

हाडं वाढत नाहीत, पण सकाळी उठल्यावर माणूस संध्याकाळपेक्षा सुमारे एक सेंटीमीटर उंच भरतो. दिवसभरात पाठीच्या कण्यातल्या चकत्या दबतात. म्हणून मोजणीच्या दिवशी रात्रभर बसने उभ्याने प्रवास करून जाऊ नका, आदल्या दिवशीच मुक्कामाला पोचा. छाती फुगवून ५ सेंटीमीटरचा फरक दाखवावा लागतो. तो रोजच्या दीर्घ श्वासाने काही महिन्यांत येतो.

रंगांधळेपणा, गुडघे एकमेकांना लागणं आणि सपाट तळवे यांची तपासणी तयारी सुरू करायच्या आधीच जिल्हा रुग्णालयात करून घ्या. तीन वर्षं घाम गाळून शेवटच्या वैद्यकीय तपासणीत रंगांधळेपणा निघावा, यासारखं दुःख नाही.

कोणते दाखले आधी काढून ठेवावेत?

जातीचा दाखला नाडकचेरीतून, म्हणजे जवळच्या महसूल कार्यालयातून मिळतो. मराठा समाज कर्नाटकात इतर मागासांच्या ३-ब प्रवर्गात येतो. २-अ, २-ब, ३-अ, ३-ब यांना ‘फॉर्म एफ’, प्रवर्ग-१ला ‘फॉर्म ई’, अनुसूचित जाती-जमातींना ‘फॉर्म डी’. अर्जाच्या शेवटच्या तारखेनंतर काढलेला दाखला चालत नाही. इतर मागासांच्या दाखल्याची मुदत पाच वर्षं असते, ती संपलेली नाही ना हे बघा.

पहिली ते दहावी ग्रामीण भागातल्या शाळेत झाली असेल तर ग्रामीण आरक्षण मिळतं, ते २५ टक्के आहे. ते शाळेच्या जागेवर ठरतं, माध्यमावर नाही. खानापूरच्या खेड्यातल्या मराठी शाळेचा विद्यार्थीही त्यासाठी पात्र असतो. आपले कितीतरी जण ‘हे कन्नडवाल्यांसाठी असेल’ म्हणून तो रकाना रिकामा सोडतात. कन्नड माध्यमाचं ५ टक्के आरक्षण वेगळं आहे, ते मात्र मराठी माध्यमाला लागू होत नाही. ग्रामीण दाखल्यावर मुख्याध्यापकांची सही आणि क्षेत्र शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी लागते. प्राथमिक आणि माध्यमिक शाळा वेगळ्या असतील तर दोन्हीकडे जावं लागतं. सुट्टीत मुख्याध्यापक भेटत नाहीत, म्हणून मार्चच्या आत हे काम उरका.

बिदरकरांनी एक लक्षात ठेवा. तुम्ही कल्याण कर्नाटकात येता आणि राज्यघटनेच्या ३७१-जे कलमाखाली तुमचा वेगळा कोटा आहे. बेळगाव, कारवारला तो नाही.

आणि नाव. आधारवर आडनाव आधी, एसएसएलसीच्या गुणपत्रिकेवर शेवटी, जातीच्या दाखल्यावर वडिलांचं नाव गायब, अशी गत घरोघरी दिसते. एसएसएलसीची गुणपत्रिका प्रमाण मानून बाकीचे कागद तिच्यासारखे करून घ्या.

महाराष्ट्र पोलीस भरतीला बसता येतं का?

महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ गावांपैकी एखाद्या गावात १५ वर्षं वास्तव्य असल्याचा विहित नमुन्यातला दाखला असेल, तर अधिवासाच्या अटीत सवलत मिळते. त्यासंबंधीचा शासन निर्णय १० जुलै २००८ चा आहे. तुमचं गाव त्या यादीत आहे की नाही हे नावानिशी तपासा. शेजारचं गाव यादीत आहे म्हणून तुमचंही असेलच असं नाही. कर्नाटकच्या जातीच्या दाखल्यावर तिकडे राखीव जागा मिळत नाही, खुल्या गटातूनच लढावं लागतं.

तिथली पद्धत वेगळी आहे. आधी ५० गुणांचं मैदान: पुरुषांना १६०० मीटरचे २०, १०० मीटरचे १५, गोळ्याचे १५ गुण. त्यात निम्मे गुण मिळवणाऱ्यांतून एका जागेला दहा या प्रमाणात लेखीला बोलावतात. म्हणजे इथे वेगाला गुण आहेत, नुसतं पार होऊन भागत नाही. लेखी १०० गुणांची, मराठीतून: अंकगणित, सामान्य ज्ञान व चालू घडामोडी, बुद्धिमत्ता चाचणी, मराठी व्याकरण. एकाच पदासाठी दोन जिल्ह्यांत अर्ज भरले तर उमेदवारी बाद होते. कारागृह शिपायांच्या जागाही अलीकडे याच भरतीसोबत निघाल्या आहेत.

आंदोलनात माझ्यावर गुन्हा नोंद झाला आहे. आता सगळं संपलं का?

सीमाभागात हा प्रश्न जितका येतो तितका दुसरीकडे येत नसेल. मोर्चा, फलक, दगडफेक, बेकायदा जमाव, कुठल्या तरी यादीत नाव येतं आणि भरतीच्या चारित्र्य पडताळणीत ते वर निघतं.

गुन्हा लपवू नका. अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या २०१६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं आहे. उमेदवाराने खरी माहिती द्यायची, आणि गुन्ह्याचं स्वरूप, वय, निकाल हे सगळं बघून नेमणूक करणाऱ्याने निर्णय घ्यायचा. क्षुल्लक प्रकरण असेल तर दुर्लक्ष करता येतं. पण माहिती दडवली, तर ती दडवणूकच नेमणूक रद्द करायला पुरेशी होऊ शकते. साक्षांकन फॉर्ममध्ये ‘कधी अटक झाली का, खटला चालला का, प्रलंबित आहे का’ असे वेगवेगळे प्रश्न असतात. प्रत्येकाचं उत्तर स्वतंत्रपणे, वकिलाला दाखवून लिहा. निर्दोष सुटला असाल तर निकालाची प्रमाणित प्रत काढून ठेवा. खटला प्रलंबित असेल तर दर तारखेला हजर राहा. गैरहजेरीने निघालेलं वॉरंट मूळ गुन्ह्यापेक्षा जास्त नडतं.

नवीन कायदे कसे अभ्यासायचे? जुनी पुस्तकं फेकून द्यायची का?

भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम १ जुलै २०२४ पासून लागू झाले. न्याय संहितेत ३५८ कलमं आहेत, नागरिक सुरक्षा संहितेत ५३१, साक्ष्य अधिनियमात १७०. १ जुलै २०२४ आधी घडलेल्या गुन्ह्यांना जुनं भारतीय दंड विधानच लागतं आणि असे खटले अजून वर्षानुवर्षं चालतील. म्हणून दोन्ही क्रमांक यावे लागतात. खून ३०२ होता, आता १०३. फसवणूक ४२० होती, आता ३१८. चोरी ३७९ होती, आता ३०३.

नुसते क्रमांक पाठ करू नका, काम कुठे बदललं ते बघा. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी यायचं, ही तरतूद नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६ मध्ये आहे. झडती आणि जप्तीचं ध्वनिचित्रण त्याच संहितेच्या कलम १०५ मध्ये. ऑनलाइन तक्रार दिली तर तीन दिवसांत सही करायची, हे कलम १७३ मध्ये.

एक उदाहरण जवळून बघा. रक्ताने भिजलेला शर्ट जप्त झाला. नवशिका शिपाई तो ओला असतानाच प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधतो. पिशवीत ओल कोंडते, बुरशी आणि जिवाणू वाढतात, डीएनए खराब होतो. प्रयोगशाळेचा अहवाल ‘निष्कर्ष काढता येत नाही’ असा येतो आणि आरोपी सुटतो. बरोबर रीत अशी: शर्ट सावलीत, वाऱ्यावर वाळवायचा, उन्हात नाही. डागावर घडी पडू द्यायची नाही, मध्ये कोरा कागद घालायचा. मग कागदी पाकिटात ठेवून लाखेचं सील, पंचांच्या सह्या, गुन्हा क्रमांक, तारीख, वेळ. पुढे तो कुणाच्या हातातून कुणाकडे गेला याची नोंद एका दिवसाचंही अंतर न ठेवता. जप्त मोबाईल सुरू असेल तर आधी एअरप्लेन मोड, नाहीतर दूरवरून डेटा पुसला जाऊ शकतो. त्यातला पुरावा कोर्टात द्यायचा तर साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, त्यात हॅश मूल्य, म्हणजे डेटा बदललेला नाही हे दाखवणारा संकेतांक, भरायचं असतं.

कारागृहातली नोकरी म्हणजे नुसती पहाऱ्याची ड्युटी ना?

हा समज मोडायला हवा. बेळगावचं मध्यवर्ती कारागृह हिंडलग्यात आहे. त्याशिवाय धारवाड, विजयपूर, कलबुर्गी, बळ्ळारी, शिवमोग्गा, म्हैसूर आणि बंगळूरला मध्यवर्ती कारागृहं आहेत. आजवरच्या भरतीत वॉर्डर म्हणजे कारागृह शिपायासाठी एसएसएलसी आणि जेलरसाठी पदवी अशी विभागणी राहिली आहे. अधिकाऱ्यांचं प्रशिक्षण वेल्लोरच्या अकादमीत होतं. ती १९७९ मध्ये दक्षिणेतल्या राज्यांनी मिळून उभी केली.

काम कागदांचं आहे आणि त्या कागदांवर माणसाचं स्वातंत्र्य अवलंबून असतं. नवा बंदी आला की वॉरंटवरचं नाव, वडिलांचं नाव, गुन्हा क्रमांक, न्यायालय आणि पुढची तारीख ताडून बघायची. वैद्यकीय तपासणीत अंगावरच्या जखमा लिहून घ्यायच्या, नाहीतर कोठडीतली मारहाण कारागृहाच्या माथी येते. सोडतानाची सर्वांत मोठी चूक अशी: एका गुन्ह्यात जामीन झाला म्हणून सोडलं, आणि दुसऱ्या जिल्ह्याचं वॉरंट फाइलमध्ये तसंच राहिलं. उलटी चूक याहून वाईट, जामीन होऊनही कागद न हलल्याने माणूस आत राहतो.

नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ प्रत्येक जेलरला तोंडपाठ हवं. कच्च्या कैद्याने गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या निम्मा काळ काढला की तो जामिनाला पात्र होतो, पहिल्यांदाच गुन्ह्यात आलेला असेल तर एक तृतीयांशावर. साध्या चोरीची कमाल शिक्षा तीन वर्षं. म्हणजे आधी शिक्षा न झालेल्या मुलाचा हिशेब बारा महिन्यांवर येतो, इतरांचा अठरा महिन्यांवर. मृत्युदंड किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना हे लागू नाही. एकाहून जास्त खटले प्रलंबित असतील तरीही नाही. हा काळ पुरा झाला की न्यायालयाला अर्ज करायची जबाबदारी कारागृह अधीक्षकावर कायद्यानेच टाकली आहे. ही तारीख काढणारा माणूस झोपला, तर वकील न परवडणारा गरीब आत सडतो.

३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने कारागृहात जातीवरून कामं वाटण्याच्या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. मुलाखतीत आणि लेखीत हा निकाल विचारला जाण्याजोगा आहे. त्यासोबत कारागृह सुधारणांवरची न्या. मुल्ला समिती (१९८०-८३) आणि २०१६ ची आदर्श कारागृह नियमावली वाचा. त्या नियमावलीत सहा बंद्यांमागे एक रक्षक असं प्रमाण धरलेलं आहे.

सिद्धांत प्रत्यक्षात उपयोगी पडतात का?

पडतात. कोहेन आणि फेल्सन या अमेरिकी अभ्यासकांनी १९७९ मध्ये मांडलेला विचार घ्या. गुन्हा घडायला तीन गोष्टी एका ठिकाणी, एका वेळी जुळाव्या लागतात: करू इच्छिणारा, सोपं लक्ष्य आणि राखणदाराचा अभाव. सौंदत्तीच्या यल्लम्मा यात्रेत पौर्णिमेला हे तिन्ही जुळतं. दागिने घातलेल्या बायका, दर्शनाच्या रांगेतली रेटारेटी, आणि सगळे पोलीस वाहतुकीत अडकलेले. चोराचं मन बदलणं आपल्या हातात नसतं. पण रांगेला अडथळे लावून वाट रुंद करणं, साध्या वेशातल्या महिला शिपायांना रांगेत उभं करणं आणि मंगळसूत्र पदराखाली घ्या असं मराठी-कन्नड दोन्हीतून सांगत राहणं हातात असतं. तीनपैकी एक कडी तुटली की चोरी टळते.

मुलींनी या क्षेत्रात यावं का?

यावं, आणि मोठ्या संख्येने यावं. महिलेला सूर्यास्तानंतर अटक करायची तर महिला अधिकारी आणि दंडाधिकाऱ्याची परवानगी लागते. महिलेची झडती महिलाच घेते, लैंगिक अत्याचारातल्या पीडितेचा जबाब महिला अधिकाऱ्याने घ्यायचा असतो. महिला अधिकारी नसली की ठाण्याचं काम अडतं. पालकांची काळजी बहुधा बदल्यांची आणि रात्रपाळीची असते. दोन्ही खरी आहेत, आणि मुलीशी आधीच मोकळेपणी बोलून ठरवण्याजोगी आहेत.

अमुक लाख दिले की काम होतं, असं सांगणारा माणूस घरी आला आहे.

त्याला दारातूनच परत पाठवा. ५४५ पीएसआय पदांची ऑक्टोबर २०२१ मध्ये झालेली परीक्षा गैरप्रकार उघड झाल्यावर एप्रिल २०२२ मध्ये रद्द झाली आणि जानेवारी २०२४ मध्ये कर्नाटक परीक्षा प्राधिकरणाने ती पुन्हा घेतली. पैसे देणारे उमेदवारही आरोपी झाले. प्रामाणिकपणे उत्तीर्ण झालेल्यांची दोन वर्षांहून जास्त वेळ वाया गेली, तो अन्याय वेगळाच. शेत गहाण ठेवून दिलेला पैसा बुडतो आणि मुलाच्या नावावर गुन्हा चढतो.

भरती निघाली नाही किंवा वय संपलं, तर पुढे काय?

जिल्हा बालसंरक्षण कक्ष, बालगृहं, निरीक्षणगृहं, वन स्टॉप सेंटर (अत्याचारग्रस्त महिलांचं मदत केंद्र) इथे समुपदेशक आणि क्षेत्र कार्यकर्त्यांच्या जागा निघतात. बऱ्याच कंत्राटी असतात आणि समाजकार्याची पदवी असलेल्यांना तिथे पुढे घेतलं जातं. म्हणून गुन्हेगारीशास्त्रासोबत समाजकार्य किंवा एलएलबी जोडणं शहाणपणाचं. एलएलबी असेल तर बालसंरक्षण कक्षातल्या विधी-परिवीक्षा अधिकारी या पदाचाही विचार करता येतो. शिकवायची आवड असेल तर यूजीसी-नेटमध्ये गुन्हेगारीशास्त्र हा स्वतंत्र विषय आहे, संकेतांक ६८.

शिकत असतानाच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे पॅरालीगल स्वयंसेवक, म्हणजे वकील नसलेला कायदेशीर मदतनीस, म्हणून नाव नोंदवा. ठाण्यात, न्यायालयाच्या आवारात आणि कारागृहातल्या विधी साहाय्य केंद्रात बसायला मिळतं. बंद्याचा अर्ज कसा लिहायचा, तारीख कशी बघायची हे हाताखालून जातं. अर्ज न्यायालय आवारातल्या प्राधिकरणाच्या कार्यालयात मिळतो. त्यासोबत ओळखपत्र, शिक्षणाची प्रमाणपत्रं आणि दोन फोटो घेऊन जा.